सुई कुठल्या अंगाला

“…म्हणजे शेवटी पूर्ण भूलच द्यायची ना, मॅडम?”

डॉ. निनादने सुई ट्रेमध्ये टाकली. तिसऱ्यांदा ती हाडाला अडली होती. भूलशास्त्रात त्याला सुवर्णपदक होतं, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

टेबलावर हौसाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं. पाठीला कुबड, आणि कणा एका बाजूला पिळवटलेला.

पूर्ण भूल म्हणजे घशात नळी. कुबडामुळे छाती इतकी आवळलेली, की नळी काढल्यावर हौसाबाई स्वतःचा श्वास घेतील अशी खात्री कुणीच देईना. पाठीत सुई देऊन कमरेखालीच बधिर केलं, तर आशा होती.

“पाठीचा मध्यच सापडत नाही,” निनाद म्हणाला. “त्यात आजी सारख्या बोलतात. दोनदा गप्प बसवलं.”

“काय बोलत होत्या?” वत्सला मॅडमनी हातमोजे चढवत विचारलं. तीस वर्षं त्या भूल देत होत्या.

“…लक्ष नाही दिलं.”

“पुढे जा. त्यांचे खांदे धर.”

हे वॉर्डबॉयचं काम. निनादचं तोंड उतरलं, पण तो गेला. हौसाबाईंनी त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

“आजी, सुई कुठल्या अंगाला लागते, तेवढं या डॉक्टरांना सांगा.”

“मगापासनं तेच सांगतीया,” हौसाबाई म्हणाल्या. “टोचा बाई. मला चालत घरी जायचंय.”

सुई आत गेली.

“डावीकडं…”

“डावीकडे,” निनाद म्हणाला. मॅडमनी सुई जराशी उजवीकडे वळवली.

“अजून डावीकडंच.”

“अजून डावीकडेच.”

सुई पुन्हा वळली.

“…आता मधी.”

“मध्ये.” निनादचा आवाज बारीक झाला होता.

सुईच्या तोंडाशी कण्यातल्या पाण्याचा स्वच्छ थेंब आला; जागा सापडली होती. मॅडमनी सावकाश औषध सोडलं.

तासाभराने पडद्यापलीकडे खुब्याचं काम चालू होतं. अलीकडे हौसाबाई टक्क जाग्या होत्या, स्वतःचा श्वास घेत होत्या आणि सर्जनला जरा हळू ठोकायला सांगत होत्या. निनादला मनापासून लाज वाटत होती.

“मॅडम, मी तीनदा चुकलो. तुम्हाला पहिल्याच खेपेला वाट कशी सापडली?”

मॅडम हौसाबाईंची नाडी बघत होत्या.

“तुला वाट माहीत होती, निनाद… मला नव्हती.”