राजाच्या अंगरख्यातला तुकडा

एका राज्यात एक सिंहासन होते, आणि त्यावर बसायला दोघे भाऊ निघाले. थोरला उदयभान, धाकटा मानभान. सात वर्षे लढाई चालली. भांडण त्या दोघांचे, मेली मात्र घरोघरची पोरे. एकाच चुलीवरच्या भाकरी बांधून घेऊन एकाच आईचे दोन मुलगे दोन फौजांत गेले. शेवटी उदयभान पडला, मानभान राजा झाला, आणि लढाईपेक्षा मोठा अन्याय त्यानंतर सुरू झाला.

त्या राज्यात एक रीत होती. घरातल्या प्रत्येक माणसाच्या जुन्या कपड्याचा एक तुकडा घरच्या गोधडीत शिवायचा. मूल जन्मले की त्याला त्या गोधडीत गुंडाळायचे. असलेल्यांची आणि गेलेल्यांची, सगळ्यांची ऊब त्याला मिळायची. मानभानाचा जादूगार कर्कटक याला हे ठाऊक होते. त्याने दवंडी पिटवली, "जे उदयभानाकडून लढले, त्यांचे नाव कोणी घेऊ नये. त्यांच्या प्रेतांना अग्नी देऊ नये. त्यांचे तुकडे गोधडीतून काढून राजवाड्यात आणून टाकावेत."

आणि लोकांनी काय केले? काढले! आपल्याच हातांनी, आपल्याच कात्रीने. शेजाऱ्यांनी पाहावे म्हणून मुद्दाम अंगणात बसून काढले. त्या तुकड्यांचा कर्कटकाने राजासाठी अंगरखा शिवला. हजारो आयांची माया त्यात होती, त्यामुळे राजाला ना तलवार लागे ना थंडी. तो ऊब घेत सिंहासनावर बसला आणि राज्यातली तान्ही बाळे भर वैशाखात काकडू लागली. कितीएक गेली. दरबारातले भाट मात्र त्या अंगरख्यावर कवने रचत होते. सांगतानासुद्धा अंगाचा तिळपापड होतो.

त्या राज्यात भिवरा नावाची एक विधवा राहत होती. तिला दोन मुलगे. थोरला सुभान उदयभानाकडून लढला, तो परत आला नाही. धाकटा केरू मानभानाकडून लढला आणि घरी आला. आल्यापासून भावाचे नाव निघाले की तो जेवणाच्या ताटावरून उठून जाई. सुभानाचा तुकडा भिवरानेच कापला होता. उरलेले घर वाचावे म्हणून कापला. मग केरूला मुलगी झाली. बारा दिवसांची झाली नाही तोच तिचे ओठ निळे पडले. चार गोधड्या घातल्या, शेगडी ठेवली, तरी पोरीचे काकडणे थांबेना.

दारच्या भोपळ्याच्या वेलात शिंपी पक्षी पानाला पान शिवत बसला होता. तो म्हणाला, "भिवराबाई, तुझ्या गोधडीला भोक आहे."

"ठाऊक आहे. मीच पाडलंय. उपाय सांग."

"तीन कामं आहेत. ज्या भाल्याने सुभान मेला, त्याची सुई कर. राजाच्या अंगावरून सुभानाचा तुकडा आण. आणि सुभानाविरुद्ध जो लढला, त्याच्या हातून तो शिवून घे. तीन दिवसांत. चौथा दिवस ही पोर पाहणार नाही."

"राजा तुकडा देईल?"

"त्याला मागू नकोस. तुकड्याला नावाने हाक मार. त्या अंगरख्याचे टाके नावानेच उसवतात. आजवर कोणी हाक मारली नाही, इतकंच."

इतकंच! एवढ्या राज्यात एकालाही तोंड उघडता आले नाही, आणि बाळे गोठून मेली.

पहिल्या दिवशी भिवरा रणमैदानात गेली. पक्षी पुढे उडत होता. हाडे उघड्यावर पडली होती, त्यांच्यातून गवत उगवले होते. एका सांगाड्यापाशी पक्षी उतरला. सांगाड्याच्या मुठीत भाला होता आणि भाल्याला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. ती भिवराने ओळखली. निघताना तिनेच बांधली होती. मग तिने फासळ्यांत रुतलेला दुसरा भाला पाहिला. त्यालाही हिरव्या लुगड्याची तीच चिंधी होती.

ती चिंधीसुद्धा तिनेच बांधली होती. एका लुगड्याच्या दोन चिंध्या, दोन मुलांना.

भिवरा खाली बसली. मग म्हणाली, "सुई कर." पक्ष्याने फासळ्यांतल्या भाल्यावर तीनदा चोच मारली. भाला गळून पडला, सुई उरली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली. सिंहासनासमोर उभी राहून तिने हाक मारली, "सुभान!"

राजाच्या छातीवरचा तुकडा उसवला आणि उडत येऊन तिच्या ओंजळीत पडला.

"म्हातारे, कोणाचं नाव घेतलंस?" राजा गरजला.

"माझ्या मुलाचं, महाराज. नऊ महिने पोटात वाहिला त्याला हाक मारायला तुमचा हुकूम लागतो? त्याच्या अंगच्या कापडात ऊब घेत बसताना लाज नाही वाटली?"

मग दारावरच्या पहारेकऱ्याने भाला टाकला आणि बापाचे नाव घेतले. एका दासीने नवऱ्याचे घेतले. मग कोण कोणाचे नाव घेतो ते कळेना. तुकडे पाखरांसारखे उडाले. कर्कटक धावून धावून टाके घालू लागला, पण घाईत त्याने स्वतःलाच शिवून घेतले. त्याचे गाठोडे झाले, ते कोपऱ्यात पडून राहिले. राजा कुडकुडत उभा राहिला. गळ्याशी एकच रेशमी तुकडा उरला होता.

"हा का पडत नाही?" त्याने विचारले.

"तो तुमच्या भावाचा आहे. त्याला हाक मारायची ती तुम्हीच," भिवरा म्हणाली आणि निघाली.

तिसऱ्या दिवशी तिने गोधडी, तुकडा आणि सुई केरूपुढे ठेवली. पाळण्यातली पोर आता रडतही नव्हती.

"शीव," ती म्हणाली.

केरूने सुई उचलली. "आई, ही सुई कशाची?"

"तुला ठाऊक आहे."

"तुला कधी कळलं?"

"परवा. मैदानात."

"धुराळा होता, आई. भाला गेल्यावर तोंड दिसलं." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तरी तू मला घरात ठेवलंस?"

"मला तुझा राग आलाय. मरेपर्यंत जाणार नाही. ज्यांनी तुमच्या हातात भाले दिले, त्यांचा त्याहून जास्त आलाय. पण या गोधडीतून एक लेक मी कापला. दुसरा कापणार नाही. शीव."

केरूने टाका घातला. तो सुटला. दुसरा घातला, तोही सुटला. तिसऱ्या टाक्याला त्याचा हुंदका फुटला, "सुभानदादा!" आणि टाका बसला. त्याने पोरीला गोधडीत गुंडाळले. तिचे ओठ लाल झाले आणि ती भुकेने मोठ्याने रडली.

चौथ्या दिवशी मानभानाने भावाला हाक मारली. गळ्याचा तुकडा पडला. तो अनवाणी मैदानात गेला आणि सगळ्या हाडांना अग्नी दिला गेला. सुभानाला केरूने दिला. त्याने सिंहासन सोडले, ते उदयभानाच्या लेकीकडे गेले. तुकडे घरोघरच्या गोधड्यांत परत शिवले गेले आणि बाळांचे काकडणे थांबले. गेलेली बाळे परत आली नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

कात्रीने उसवलेली कहाणी टाक्याने पुरी झाली. भिवराच्या घरी ती गोधडी अजून आहे. तीत सुभान आणि केरू शेजारी शेजारी आहेत, आणि मधला टाका वाकडातिकडा आहे, तो केरूचा.