हात न लावणारे टिल्लूसर

समाजात इंटरनेट कोण किती वापरतं, यावर रेणुका हणबरनं प्रबंध लिहिला. तोंडी परीक्षेला पुण्याहून डॉ. टिल्लू आले. पदवी त्यांच्याच शब्दावर अवलंबून होती.

"घरातली वडीलधारी मंडळीच इंटरनेट सर्वांत जास्त वापरतात? हास्यास्पद," ते गरजले. "मी आजवर त्याला हात लावलेला नाही."

रेणुकानं अदबीनं विचारलं, "सर, प्रवास नीट झाला ना?"

"उत्तम. सुनेनं मोबाइलवर तिकीट काढलं, मुलानं घरबसल्या स्टेशनवर गाडी मागवली. तुमचा प्रबंधही नातीनं मेलमधून छापून दिला."

"मी तेच लिहिलंय, सर. वडीलधारे हात लावत नाहीत. बाकी सगळ्यांचे हात त्यांच्या कामाला लागलेले असतात."

टिल्लू स्वतःच हसले.

"पदवी द्या हिला," ते म्हणाले. "फक्त हे आमच्या सूनबाईंना कळवू नका."