एकशे बारा वर्षांचं नाव

पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा गावात मार्थाबाई कोवाल्स्की काकडीचं लोणचं घालायच्या. धंदा पोलंडहून आलेल्या पणजोबांचा. लाकडी पिंपात मिठाचं पाणी, शेपू, लसूण, आणि मग सहा आठवडे झाकणाला कुणी हात लावायचा नाही, एवढीच रीत.

एके सकाळी मोठमोठ्या दुकानांचे मालक ग्रेडनसाहेब मोटारीतून उतरले. मार्थाबाईंच्या निम्म्याहून जास्त बरण्या त्यांच्याच दुकानांतून खपायच्या, म्हणून सूर हुकमाचा होता.

"धंदा मला विका. हेच लोणचं माझा कारखाना व्हिनेगर घालून सहा दिवसांत करतो, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. ही पिंपं मोडीत काढू. बरणीवर फक्त तुमचं एकशे बारा वर्षांचं नाव राहू द्या. नाहीतर उद्यापासून माझ्या दुकानांत तुमची बरणी दिसणार नाही."

पिंपं धुणारी माणसं हातातलं काम थांबवून मार्थाबाईंकडेच बघत होती. त्यांनी शांतपणे एप्रनला हात पुसले.

"साहेब, सहा आठवड्यांचं काम तुम्ही सहा दिवसांत करता. त्याच वेगाने एकशे बारा वर्षांचं नाव सोळा वर्षांत तयार होईल. आजच कारखान्यात घालायला घ्या. माझं कशाला विकत घेता?"

साहेब मोटारीकडे वळले. मार्थाबाईंनाच त्यांची दया आली. त्यांनी नुकत्याच उघडलेल्या पिंपातली एक काकडी पुढे केली. साहेबांनी ती उभ्याउभ्याच संपवली आणि हळूच विचारलं, "पुढचं पिंप कधी उघडणार?"

"सहा आठवड्यांनी," मार्थाबाई म्हणाल्या. "घाई असेल तर तुमच्या कारखान्यातलं खा."