धुरपदाची घागर

कुणाच्या पणज्यालाही नीट आठवत नाही इतकी वर्षं झाली बघा. हिवरदऱ्याच्या लोकांनी नदीवर दगडी बंधारा घातला. शेतं भिजली, गाव सुखावलं. आणि नदीला गढूळ पाणी आलं, तशी वर चढणारी मासळी बंधाऱ्याला अडून खाली दाटली. नदीमाय पावली म्हणून लोकांनी बंधाऱ्याची ओटी भरली, घरोघर मासळीच्या अंड्यांचं, गाभोळीचं कालवण शिजलं. भोईआळीतल्या धुरपदानं तर पाट्या भरभरून मासळी विकली.

पण दरसाल मासळी विरळ होत गेली. कापायला घ्यावी तिच्या पोटात अंडी. तेव्हा धुरपदाला उमगलं. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या या लेकी, वरच्या उथळ पाण्यात अंडी टाकायला जाणाऱ्या, आणि आपण त्यांना वाटेतच खाल्लं!

शेवटी जाळ्यात नुसता पालापाचोळा यायला लागला. भोयांनी खायचं काय? तिचा एकुलता एक लेक लिंबाजी बायकापोरांना घेऊन गाव सोडायला निघाला. तिलाही चल म्हणाला. ती उठली नाही.

"मी मासळीला माहेरी पोचवते," ती म्हणाली. "ती परतली, तर तूही परतशील."

मग उरलीसुरली मासळी घागरीत घ्यायची, निसरड्या दगडांवरून बंधारा चढायचा आणि पलीकडे सोडायची, हेच तिचं काम झालं. म्हातारीला भ्रम झाला म्हणून गाव हसलं. स्वतः कण्यांवर राहिली, पण मासळी चुलीवर चढवली नाही. असं म्हणतात, पुढं पुढं मासळी आपण होऊन तिच्या घागरीत शिरायची. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

एका पुरात ती बंधाऱ्यावरून खाली आलीच नाही. घागर तेवढी दगडात अडकलेली सापडली. त्या दिवशी मासळीनं उड्या घेत बंधारा ओलांडला, असं म्हणतात.

पुढच्या काही सालांत नदी मासळीनं पुन्हा भरली. ते ऐकून लिंबाजी परतला. आई कुठंय, म्हणून त्यानं विचारलं. शेजारणीनं घागर त्याच्या हातात दिली. घराकडे न जाता तो रडत रडत तसाच पाण्यात उतरला आणि पोटात अंडी असलेली मासळी उचलून वर सोडून आला. त्याच्यामागं सारं गाव उतरलं.

आजही हिवरदऱ्यात गढूळ पाणी आलं की प्रत्येक घर आधी एक घागर मासळी वर सोडतं. "जा बाई, धुरपदाआई सोबत आहे," असं बाया म्हणतात. त्याआधी कुणी गळ टाकत नाही. आणि शेवटची घागर सोडतात ती गाव सोडून गेलेल्यांच्या नावानं.