चारही कोपरे सारखे

एका गावात एक भोळा मेव्हणा होता. भोळे मेव्हणे बऱ्याच गावांत असतात, पण हा गॅरेजात होता. नाव सुबराव. वय तिशीपुढचं, अंग पैलवानाचं, आणि स्वभाव इतका आज्ञाधारक, की त्याला काही सांगताना सांगणाऱ्यालाच भीती वाटावी.

गॅरेज महिपती मिस्त्रींचं. सुबरावची थोरली बहीण त्यांना दिलेली, म्हणून तो त्यांना दाजी म्हणायचा. दाजींनी जन्मभर ट्रॅक्टर आणि जीपगाड्या दुरुस्त केल्या. मेव्हणा तेवढा राहून गेला होता.

एके दिवशी गॅरेजात आबासाहेबांची गाडी आली. आबासाहेबांचं बेदाण्याचं शीतगृह होतं. गाडी परदेशी, भारी. ती डोंगर चढते, नदी ओलांडते, वाळवंटात धावते, असं कंपनीचं म्हणणं. आबासाहेब ती घरून शीतगृहात नेत आणि शीतगृहातून घरी आणत. वाटेत एक गतिरोधक होता. डोंगर म्हणजे तेवढाच.

या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. चार चाकांवर चार रबरी फुगे होते. पंप त्यांत हवा भरायचा आणि त्या हवेवर गाडी उभी राहायची. दोष एवढाच, की थोडा वेळ उभी ठेवली की मागचा डावा कोपरा हळूहळू खाली यायचा. लेकीच्या साखरपुड्यात ती भर मांडवासमोर अशीच कलंडली होती. व्याही पंगतीतून ओरडले, "आबासाहेब, तुमची गाडी दमली की हो! तिलाही एक पान वाढा."

सगळी पंगत हसली. आबासाहेबांचा तो घास अजून घशातच होता.

"मिस्त्री," ते म्हणाले, "लग्नात ही गाडी कार्यालयाच्या दारात ताठ उभी पाहिजे. पुण्याचे कंपनीवाले लग्नानंतरचा नंबर देतायत. तुम्ही करा. जमलं तर शीतगृहाचे सगळे ट्रक तुमच्याकडं."

असली गाडी दाजींनी आजवर फक्त समोरून जाताना पाहिली होती. "होऊन जाईल," ते म्हणाले.

आबासाहेब गेल्यावर त्यांनी मेव्हण्याला जवळ बोलावलं. "सुबराव, ट्रक आले तर आपण तरलो. लग्नात गाडी खाली आली, तर तू तुझ्या गावाला. मग तुझी आक्का कितीही रडू दे."

"काय करू, सांगा."

"कोपरा कसा खाली येतो त्यावर लक्ष ठेव. मी जेवून येतो."

दाजी जेवून आले. गाडी कोपऱ्यावर टेकली होती. सुबराव तिच्यासमोर मांडी घालून बसला होता.

"खाली आली?"

"आली की. आधी हळू, मग भसकन."

"मग तू काय केलंस?"

"लक्ष ठेवलं."

"अरे, काही खाली येताना दिसलं की पटकन त्याच्याखाली लाकडी ठोकळा सारावा!"

"असं सांगायचं की आधी," सुबराव म्हणाला.

संध्याकाळी आबासाहेब चौकशीला आले. दाजींनी खुर्ची पुसून पुढं केली. आबासाहेबांनी धोतर सावरलं आणि ते टेकायला लागले. सुबरावनं पाहिलं. काहीतरी खाली येत होतं. कोपराही मागचाच होता. त्यानं पटकन ठोकळा सारला.

आबासाहेब सावकाश खाली आले होते. वर मात्र एका दमात गेले. ठोकळ्याला एक खिळा होता. सुबरावला ते ठाऊक होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आबासाहेब उभ्यानंच चौकशी करून उभ्यानंच गेले. दाजींनी कपाळाला हात लावला.

"गाढवा, माणसाला ठोकळा देतात का? आधी तोंडानं विचारावं. काय त्रास होतोय, कधीपासून होतोय. मग हात लावावा."

"असं सांगायचं की आधी."

दुसऱ्या दिवशी दाजी बाजारात निघाले. जाताना म्हणाले, "हवा कुठून गळते ते शोधून ठेव."

परत आले तेव्हा सुबराव बॉनेटवर हात ठेवून उभा होता. चेहऱ्यावर काळजी होती.

"सापडली का गळती?"

"नाही दाजी. काय त्रास होतोय विचारलं, कधीपासून होतोय विचारलं. एक शब्द बोलंना. मोठ्या घरची हाय."

दाजी थोडा वेळ गाडीकडं आणि थोडा वेळ मेव्हण्याकडं बघत राहिले. दोन्हींपैकी अवघड काम कोणतं, ते त्यांना ठरवता येईना.

"अरे, ती कशी बोलंल? जे बोलत नाही त्याला साबणाचं पाणी लावायचं. ब्रशनं, सगळीकडं. जिथं बुडबुडा येईल तिथं गळती. तिथं घट्ट दाबून धरायचं आणि मला हाक मारायची."

"असं सांगायचं की आधी!"

सुबरावनं बादलीभर फेस केला. तेवढ्यात नवरीचे मामा आले. मामांना गाडीचं काही कळत नव्हतं, म्हणून ते पाहणी करायला आले होते. दार उघडून ते मागच्या गादीवर रेलले. तोंडात तंबाखूचा बार होता, आणि आबासाहेबांच्या गाडीत थुंकायची सोय नव्हती.

सुबराव ब्रश घेऊन आला. नवा माणूस दिसला, म्हणून त्यानं रीतीप्रमाणं आधी विचारलं, "मामा, काय त्रास होतोय?"

मामांनी नुसती मान हलवली.

"कधीपासून होतोय?"

मामांनी हात हलवला. तोंड उघडणं शक्यच नव्हतं.

मामा बोलत नव्हते. जे बोलत नाही त्याला काय लावायचं, ते सुबरावला आता पाठ होतं. त्यानं कपाळापासून सुरुवात केली. ब्रश मिशांपर्यंत आला तसे मामा ओरडायला गेले आणि ओठांच्या कोपऱ्यातून एक मोठा तांबूस बुडबुडा आला.

सुबरावनं तिथं दोन्ही तळवे दाबून धरले. "दाजी! दाजी, पळा! गळती सापडली!"

मामांना सोडवायला शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बोलवावी लागली. जाताना मामा एवढंच म्हणाले, "लग्नात बघतो तुला." त्यांच्या कानात अजून फेस होता.

मग दाजींनी स्वतः गाडीखाली शिरून साबण लावला. मागच्या डाव्या फुग्याच्या नळीचा जोड सैल होता. तो बदलला. पंपानं घरघर केली आणि गाडी उठून उभी राहिली. दाजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. थोडं आनंदाचं, बाकीचं साबणाचं.

"सुबराव, आजपासून माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही. तू एकच गोष्ट शिक. चारही कोपरे सारखे पाहिजेत. एक बुटका राहिला तर खाली जॅक घालून वर घ्यायचा. भलतंच वर गेलं आणि काही सुचेना, तर सगळं सोडायचं. चाकांमागच्या या चार नळ्या सैल केल्या की हवा जाते. मग पहिल्यापासून भरायची."

"असं सांगायचं की आधी. मी कशाला मामांच्या तोंडाला लागलो असतो?"

लग्नाच्या दिवशी गाडी कार्यालयाच्या दारात उभी राहिली. झेंडूच्या माळा घातलेली आणि ताठ. व्याह्यांनी तिला एक प्रदक्षिणा घातली. वाकून खाली पाहिलं. मग काही न बोलता आत गेले. व्याही काही बोलले नाहीत, याहून मोठा मान आबासाहेबांना आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री, उद्यापासून ट्रक पाठवतो."

दाजींनी तरी सुबरावला बजावलं, "गाडीपाशी थांब. जॅक हातातून सोडू नको."

पण अक्षता टाकायला आक्कानं भावाला आत बोलावलं. तो चाकांचा जॅक ओढत आत आला. लोकांना वाटलं, आहेर आहे.

स्टेजवर नवरानवरी उभी होती. नवरी उंच होती. नवरदेव नव्हता. हे दोन्ही घरांना माहीत होतं आणि दोन्ही घरांत कुणी बोलत नव्हतं. नवरदेवाला पाटाऐवजी चौरंगावर उभं केलं होतं, वर उंच फेटा बांधला होता. तरी अंतरपाटाच्या वर फक्त तुराच दिसत होता.

भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. सुबरावनं दोघांकडं नीट पाहिलं. एक कोपरा बुटका होता.

माणसाच्या अंगाला हात लावायचा नव्हता. त्यानं लावला नाही. त्यानं चौरंगाखाली जॅक घातला.

दांडा हलला तसा अंतरपाटावर आधी फेटा आला, मग कपाळ, मग चष्मा. नवरीकडच्यांना वाटलं, ही वरपक्षाची सोय. वरपक्षाला वाटलं, आबासाहेब हौशी. नवरदेवाला स्वतःला काहीच वाटलं नाही, तो पहिल्यांदाच इतका लांबवर बघत होता. दोघं सारखे झाले आणि सुबराव थांबला.

इथंच सगळं निभावलं असतं. पण अंतरपाट दूर झाला, हारांची वेळ आली, आणि नवरदेवाचा हात पोचू नये म्हणून नवरीच्या भावांनी तिला गमतीनं उचललं. आता पुन्हा नवरदेव बुटका झाला. सुबरावनं दांडा हाणला. भावांनी नवरीला आणखी उचललं. सुबरावनं आणखी हाणला. भाऊ दमले, सुबराव दमला नाही. नवरदेवाचा फेटा मांडवाच्या फुलांत अडकला.

"अहो, मला उतरवा!" वरून आवाज आला.

"हाच तो! हाच तो साबणवाला!" मामा ओरडले.

गर्दीतून वाट काढत दाजींनी जिवाच्या आकांतानं हाक मारली, "सुब्या, सोड! सगळं सोड!"

सुबरावनं मान हलवली. जॅक तिथंच ठेवून तो शांतपणे बाहेर निघून गेला.

दाजींनीच धावत येऊन जॅक उतरवला. नवरदेव जमिनीवर आला. आबासाहेबांनी डोळे मिटून घेतले. आणि मग आधी नवरी हसली. मग नवरदेव. मग व्याही पोट धरून हसले. "आबासाहेब, मानलं तुम्हाला! आमचा बाळ्या आजवर कुणाला एवढा उंच दिसला नव्हता."

आबासाहेबांनी डोळे उघडले. दाजींच्या जिवात जीव आला. मामासुद्धा थोडे हसले. जेवणं झाली, विडे झाले, आणि पाठवणीला आबासाहेब छाती पुढं काढून व्याह्यांना म्हणाले, "चला, आमच्या गाडीतून सोडतो तुम्हाला."

सगळं वऱ्हाड दारात आलं.

गाडी पोटावर निजली होती. चाकं अर्धी आत गेली होती आणि झेंडूच्या माळा खाली चिरडल्या होत्या.

व्याह्यांनी आबासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "पान वाढू का हो?"

आबासाहेबांनी दाजींकडं पाहिलं. दाजींनी सुबरावकडं पाहिलं. सुबराव फडक्याला हात पुसत गाडीशेजारी उभा होता. इतका खूश तो पूर्वी कधी दिसला नव्हता.

"दाजी," तो म्हणाला, "आता बघा. चारही कोपरे अगदी सारखे."