उतू गेलेलं कौतुक

"मी त्याच्यासमोरच बसलो होतो, शेख. मग तो गावभर असं का सांगतो, की दहाम त्या दिवशी घरी नव्हता?"

शेख नुमान चुलीतले निखारे सारखे करत होते. वाळवंटाच्या कडेच्या त्या गावात तांब्यावर हातोडा कसा चालवावा आणि पाहुण्यापुढे कसं बसावं, या दोन्ही गोष्टी दहाम त्यांच्याकडेच शिकला होता. पहिली उत्तम शिकला. त्याच्या हातचे दल्ले, म्हणजे लांब चोचीची कॉफीची भांडी, दूरदूरच्या बाजारांत नावाजली जात. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

"कोण सांगतो?" शेखांनी विचारलं.

"मिकदाद. माझा चुलतभाऊ."

विहिरीच्या वादावरून दोघांत सात वर्षं अबोला होता. दहामची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं ते मिकदादच्या आईनं. अबोला धरला, तेव्हा तिच्याही घरी जाणं सुटलं.

असा हा मिकदाद गेल्या महिन्यात आपणहून दारात आला. दहामला कोण आनंद झाला. त्यानं हातमागावरचा लोकरी गालिचा अंथरला, नक्षीच्या लाकडी खलात कॉफी कुटली, नवाकोरा दल्ला बाहेर काढला. आणि मग सांगत सुटला. चोचीला बाक द्यायला किती दिवस लागले, खल कुणी कोरला, पेले कुठल्या कुंभाराचे.

"आणि तो?"

"त्यानं पेला घेतला... आणि तसाच गालिच्यावर ठेवला."

शेखांचा हात थांबला.

त्या मुलखात हे पोरासोरांनाही कळतं. कॉफीला ओठ न लावता पाहुण्यानं पेला खाली ठेवला, की त्याला काहीतरी मागायचं असतं. पाहुणा आपणहून बोलत नाही, यजमानानंच लगेच विचारायचं. तो हो म्हणेपर्यंत पाहुणा घोट घेत नाही.

"मला वाटलं, पेल्यावरची नक्षी बघतोय," दहाम म्हणाला. "निवलेली कॉफी टाकून मी गरम दिली. त्यानं पुन्हा खाली ठेवली. मी पुन्हा..."

"किती वेळा?"

"तीन."

मिकदाद उठला, घराला बरकत चिंतली आणि गेला. आठ दिवसांनी कळलं, काकी वारली. शेवटच्या दुखण्यात तिनं दहामचाच धोशा लावला होता. भाऊ त्याला न्यायला आला होता.

इतक्या प्रेमानं कुणी स्वतःचं इतकं नुकसान करून घेतलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

पोचे आलेल्या दल्ल्यातून शेखांनी कॉफी ओतली. पेल्याच्या काठाचा टवका उडाला होता.

दहामनं पेला घेतला... आणि खाली ठेवला.

पेला नीट टेकलाही नव्हता.

"बोल. काय हवंय?"

दहाम पेल्याकडे बघतच राहिला. मग त्याला रडू आवरेना. बराच वेळ रडला. शेखांनी त्याला रडू दिलं.

"तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही मी..."

"हं."

"माझ्याबरोबर मिकदादकडे चला. तुमचा शब्द तो मोडणार नाही."

"चल."

दहामनं कॉफी संपवली. दोघं उठले. शेखांनी चपला शोधल्या, वाकून एक पायात घातली. दहाम दारात घुटमळला.

"शेख... तो मला माफ करील ना?"

शेखांनी पायातली चप्पल काढली.

"त्याची आई गेलीय, आणि तुला अजून तुझीच पडलीय. एवढंच विचारायला जायचं असेल... तर तू एकटाच जा."