हाकेचा आड

इथून पुढं पाय टाकू नका. चपला काढायची गरज नाही, हे काही देऊळ नव्हे. पण त्या वाळूत जाऊ नका. चहूकडं बघा, नजर पोचेल तिथवर काळं रान आणि मधोमध हा खळ्याएवढा पांढऱ्या वाळूचा गोल. यात गवताची काडी उगवत नाही. पावसाळ्यात भोवतीची काळी माती वाहून यात येते आणि आठ दिवसांत कुठं जाते कळत नाही. मागं काही साहेब मंडळी वाळूचे नमुने घेऊन गेली होती. कळवतो म्हणाली. मी या गावचा पोस्टमन होतो. कागद आला असता तर माझ्याच हातात पडला असता.

याला हाकेचा आड म्हणतात. आड म्हणजे अरुंद, खोल विहीर. ती इथंच होती.

फार जुन्या काळी दोन वर्षं ओळीनं पाऊस पडला नाही, असं सांगतात. नदीचं पात्र उकरलं तरी तांब्या भरेना. तेव्हा गावानं दक्षिणेकडून यल्लाप्पा नावाचा विहिरी खणणारा बोलावला. तो, त्याची बायको हनमव्वा आणि दोन गाढवं, एवढाच त्यांचा संसार. चिमूटभर माती जिभेवर ठेवून खाली काय लागणार ते तो सांगायचा म्हणे.

त्यांची एक रीत होती. खाली उतरलेल्यानं दर टोपलीमागं हातातल्या मातीचं नाव मोठ्यानं सांगायचं आणि काठावरच्यानं तेच नाव परत म्हणायचं. खालच्याला ताटाएवढं आभाळ दिसतं, दुसरं काही नाही. त्याचा सगळा जीव त्या जबाबावर असतो. ‘काळी’ आली की बिनघोर खणायचं. ‘पोयटा’, म्हणजे नदीनं आणून टाकलेली मऊ माती, आली की कड उतरती ठेवायची. ‘शेडवट’ राखाडी असते, ओली झाली की सुटते, तिथं लाकडं आडवी ठोकायची. ‘मुरूम’ लागला तर देव पावला, मुरमाची भिंत आधाराशिवाय उभी राहते. आणि ‘वाळू’ म्हटलं की टोपली सोडून माणूस वर ओढायचा, त्या क्षणी. तो आड बुजवायचा आणि दुसरीकडं खणायचा. यावर घासाघीस नाही.

अठरा दिवस हनमव्वानं काठावर बसून जबाब दिला. एकोणिसाव्या दिवशी त्यांचं एक गाढव सुटून कुठंतरी गेलं आणि ती त्याला शोधायला निघाली. जाताना दाजिबा नावाच्या गावकऱ्याला जबाबावर बसवून गेली. दाजिबा वाईट माणूस नव्हता. मातीची नावं यल्लाप्पानंच त्याला शिकवली होती. पण त्याची लहान लेक पाण्यावाचून ग्लानीत पडली होती, चार दिवस डोळे उघडत नव्हती.

दुपारी खालून हाक आली, “वाळू!”

काठावर सगळं गाव घागरी घेऊन उभं होतं. वाळू म्हणजे खाली हातभरावर पाणी, हे न कळण्याइतकं खुळं कुणी नव्हतं. माणूस वर घेतला की आड बुजणार, हेही कळत होतं. दाजिबानं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग वाकून म्हणाला, “मुरूम!”

खालून पुन्हा आलं, “वाळू! दोर घ्या वर!”

आता दाजिबाबरोबर आणखी चारजण म्हणाले, “मुरूम!” तिसऱ्या हाकेला सगळं गाव म्हणालं. बायामाणसं, म्हातारे, सगळे. दोर गावाच्या हातात होता. खाली तो एकटा, पायाला गार वाळू लागतेय आणि वरून शंभर तोंडं सांगताहेत की ती वाळू नाही.

मग म्हणे खालून एवढंच आलं, “बरं. मुरूम.” आणि कुदळीचे घाव पुन्हा सुरू झाले.

पाणी लागलं. एक टोपली भिजून वर आली, लोक नाचले. दुसरी टोपली आलीच नाही. चारी बाजूंनी वाळू सुटली आणि डोळ्यांदेखत आड काठापर्यंत भरला. घागरभरही पाणी कुणाला मिळालं नाही.

हनमव्वा गाढव घेऊन परत आली. तिनं ओली टोपली पाहिली.

“त्यानं काय सांगितलं?” तिनं विचारलं.

“मुरूम,” दाजिबा म्हणाला.

तिनं टोपलीतली मूठभर वाळू उचलली आणि तिथंच बसली.

चौथ्या दिवशी दाजिबाचा भाऊ ज्वारी काढायला पेवात उतरला. पेव म्हणजे जमिनीत धान्य साठवायचं तळघर, ते पक्क्या मुरमात कोरलेलं असतं. त्याला पायाखालून आवाज आला, “वाळू!” दिवा लावून पाहिलं तर तळाला मुरूम नव्हता, ओली वाळू होती. त्याला कसंबसं ओढून वर काढलं. मग घरोघर तेच सुरू झालं. खुंटा ठोकावा तर खड्ड्यातून हाक. चूल मांडावी तर हाक. भिंती वीतवीत खचल्या. आया लेकरांना जमिनीवर निजू देईनात. अख्खं गाव गाड्या जुंपून निघायच्या तयारीत होतं.

शेवटी सगळे हनमव्वापाशी आले. ती वाळूच्या कडेला बसून होती.

ती म्हणाली, “त्यानं हाक दिलीया. जबाब द्या की. मला काय इचारताय?”

दाजिबा पुढं झाला, वाकला आणि त्याच्या तोंडून निघालं, “मुरूम.” पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग कपाळ जमिनीला टेकून त्यानं रडत रडत म्हटलं, “वाळू. वाळूच होती, बाबा.” त्याच्यामागं सगळं गाव म्हणालं. त्यानंतर भिंती खचायच्या थांबल्या, असं सांगतात. हनमव्वा गाढवं घेऊन निघून गेली. तिनं कुणाला माफ केलं असं कुणी सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही.

आजही या गावात खड्डा विहिरीचा असो की संडासाचा, खालच्यानं मातीचं नाव सांगितल्याशिवाय आणि वरच्यानं तेच परत म्हटल्याशिवाय टोपली हलत नाही. आणि दाजिबाच्या घरातल्या माणसाला काठावर उभं करत नाहीत. ते कायम खाली उतरतात.

मी त्या घरातला.

चाळीस वर्षांपूर्वी असाच कोरडा उन्हाळा होता आणि गाव नवी विहीर खणत होतं. खाली मी होतो. पायाला गार लागलं, हात घातला, मूठ वर काढली. कशीबशी हाक दिली, “वाळू!” वर पाहिलं. आभाळाच्या कडेनं घागरी घेतलेल्या बायका वाकून बघत होत्या. माझे पाय घोट्यापर्यंत आत गेले होते.

मग वरून सगळ्याजणी एकदम म्हणाल्या, “वाळू!” आणि दोर ताणला गेला.

ती विहीर त्याच संध्याकाळी बुजवली. गावानं तो उन्हाळा चार कोसांवरून पाणी वाहिलं, आणि मला कुणी एका शब्दानं दोष दिला नाही.